चाफ्याखालचा प्रयोग

रत्नप्रभाबाईंना एखादा प्रश्न पडला की तो सुटेपर्यंत चहाही गोड लागत नसे. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवल्याची खोड, दुसरं काय.

त्या दिवशीचा प्रश्न मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. त्यांच्याकडे पोळ्या करणाऱ्या शकुचा गेटवर काढलेला फोटो, ओंजळीत चाफ्याची फुलं, आणि खाली सेक्रेटरी देवव्रतरावांचा मजकूर : ‘फूलचोर पकडली. उद्यापासून प्रवेश बंद.’ त्याखाली कुणी ‘पोलिसात द्या’ लिहिलेलं, कुणी ‘ह्या बायकांचं असंच’. शकुची सगळी कामं ह्याच सोसायटीत. म्हणजे तिची चूलच बंद.

आता गंमत बघा. रोज सकाळी पिशव्या घेऊन अर्धी सोसायटी त्याच चाफ्याखाली असते. देवव्रतरावांनी तर आकडी लावून खास काठी केली आहे. देवाच्या फुलांना चोरी म्हणत नाहीत, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. रत्नप्रभाबाई स्वतःही त्यातल्याच.

त्यांनी शकुला फोन लावला. “कशाला गं तोडलीस?”

“पौर्णिमा होती ना, काकू. घरी वंदनेला, बुद्धाच्या फोटोपुढे ठेवायला.”

म्हणजे झाड तेच, कारणही तसंच. मग फरक कुठे? बाईंना राग तर आलाच होता, पण कुतूहल त्याहून मोठं. वर्गात असत्या तर त्यांनी प्रयोग करून दाखवला असता. मग आता कुणी अडवलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चाफा खुडला, गेटवर नेमक्या त्याच जागी ओंजळ धरून उभ्या राहिल्या आणि वॉचमन नंदूकडून फोटो काढून घेतला. ग्रुपवर टाकला : ‘आणखी एक फूलचोर पकडली.’

उत्तरं धडाधड आली. ‘सुप्रभात काकू.’ ‘किती प्रसन्न वाटलं.’ देवव्रतरावांनी जोडलेले हात पाठवले.

शकु गेटबाहेर उभी होती, एकदा विनवून बघायला आलेली. बाईंनी फोन तिच्यापुढे धरला. तिने सावकाश सगळं वाचलं.

“माझ्या फोटोखाली काय लिहिलं होतं, काकू?”

बाईंनी फोन मागे घेतला.

तेवढ्यात देवव्रतराव आले. एका हातात काठी, दुसऱ्यात भरलेली पिशवी.

“बरं झालं आलात,” बाई म्हणाल्या. “इथे शकुशेजारी उभे राहा. नंदू, ह्यांचाही काढ रे. खाली मजकूर कालचाच लिहिते.”

देवव्रतराव हसायला गेले. पण नंदूने खरंच फोन वर धरला होता, आणि शकु सरकून त्यांना जागा करून देत होती. इतकी वर्षं मिरवत नेलेली ती पिशवी त्यांनी पाठीमागे लपवली.

“सोड तिला आत,” ते नंदूला म्हणाले.