मला काढलंत, पंप तसाच ठेवलात

साहेब, तुम्ही मला खोटारडा ठरवलंत. माझ्या काचेवर नखाने टकटक केलीत, तोंड वाकडं केलंत आणि हुकूम सोडलात की हा बिघडलाय, काढून टाका. मी बिघडलो नव्हतो. बिघडलं होतं ते दुसरंच, आणि ते तुम्हाला ऐकायचं नव्हतं. तुम्ही लगेच तोंड उघडणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून आधी या मुलांना सगळं सांगतो.

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे. नदीच्या दोन काठांमध्ये माणसांची ने-आण करणाऱ्या लाँचवर, सुकाणूच्या चाकाशेजारी माझी जागा होती. इंजिन किती तापलंय ते दाखवायचं, एवढंच माझं काम. कारखान्यात माझ्या पोटात बारीक तारेचं वेटोळं बसवलं, तोंडावर काच लावली आणि उजव्या बाजूला लाल पट्टा रंगवला. खाली इंजिनाच्या अंगात माझा जोडीदार होता. त्याला सेन्सर म्हणतात. पितळेचा, बोटाच्या पेराएवढा. इंजिनाचा ताप त्याला कळायचा, तो एका तारेतून मला कळवायचा आणि मी काटा हलवून माणसांना सांगायचो. इतक्या वर्षांत आमचं कधी वाजलं नाही.

लाँच चालवणारा माणूस अबोल होता. तिकिटं फाडायला त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो त्याला दाजी म्हणायचा, म्हणून रोजचे उतारूही दाजीच म्हणू लागले, अगदी केस पिकलेल्या बायकासुद्धा. दाजी इंजिन सुरू करायचा, फडक्याने माझी काच पुसायचा आणि मगच दोर सोडायला सांगायचा. वाटेत त्याची नजर पाण्यावरून माझ्यावर आणि माझ्यावरून पाण्यावर. मेहुण्याला तेवढंच निमित्त पुरे.

"दाजी, इतकं निरखून कधी माझ्या ताईकडे बघितलंत का?"

"तुझी ताई तापली की मीटर लागत नाही," दाजी म्हणायचा. "अख्ख्या आळीला कळतं."

उतारू हसायचे. मीही माझ्या जागी सुखात होतो. माझ्यावर कोणी एवढा विश्वास टाकावा, याहून मीटरला काय हवं असतं?

मग पंपाची पाती झिजली. हा पंप नदीचं पाणी ओढून इंजिनाला गार ठेवतो. पाणी कमी पडू लागलं आणि माझा काटा लाल पट्ट्यात जाऊ लागला. दाजी भर नदीत इंजिन बंद करायचा, निवू द्यायचा, मग पुढे निघायचा. माणसं कामावर उशिरा पोचू लागली. लाँचच्या कचेरीत साहेबांकडे तक्रारी गेल्या. दाजीने स्वतः जाऊन सांगितलं की एकदा पंप उघडून बघा. पण पंप उघडायचा तर लाँच धक्क्याला बांधून ठेवावी लागते, फेऱ्या बंद पडतात. मीटर बदलायला फेऱ्या बंद कराव्या लागत नाहीत. साहेबांचा निर्णय तिथेच झाला.

मला आणि माझ्या जोडीदाराला काढायला कोणाला पाठवलं, ठाऊक आहे? कचेरीच्या मोरीतला नळ बसवणाऱ्या माणसाला. त्याला बजावलं होतं की सेन्सरपाशी थेंबभरही गळता कामा नये. बिचाऱ्याने नळाला गुंडाळतो तशी पांढरी पट्टी नव्या सेन्सरच्या पेचाच्या आट्यांना गच्च गुंडाळली आणि तो आवळून बसवला. गळायचं थांबलं खरं. पण मित्रांनो, ते आटे इंजिनाच्या लोखंडाला थेट टेकावे लागतात. विजेची परतीची वाट तिथूनच असते. पट्टीने ती वाट बंद झाली. नव्या मीटरला खालून काही कळेच ना. तो आपला गार दाखवत बसला.

सगळे खूश. साहेब स्वतः येऊन पाहून गेले आणि आता कसा शांत बसलाय म्हणून त्याचं कौतुक केलं. मी दाजीच्या बाकाखालच्या पान्यांच्या डब्यात पडलो होतो. डब्याला झाकण नव्हतं. मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, फक्त बोलता येत नव्हतं.

त्या दिवशी लाँच माणसांनी भरलेली होती. मेहुणा पुढे आला आणि म्हणाला, "दाजी, रबर जळल्यासारखा वास येतोय."

दाजीने नव्या मीटरकडे पाहिलं. "मीटर गार आहे," तो म्हणाला, आणि चालवत राहिला.

काट्याचं ऐकायची सवय त्याला मीच लावली होती, मित्रांनो. आयुष्यभर खरं सांगून लावली होती. ती सवय त्याला माझ्या जागी आलेल्यामुळे भोवली.

थोड्याच वेळात खाली पाण्याची नळी फुटली. इंजिन अडकून बंद पडलं आणि लाँच धारेला लागली. दाजीने चाक मेहुण्याच्या हाती दिलं आणि इंजिनावरचं झाकण उचललं. वाफ अंगावर आली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दुसऱ्या लाँचने ओढून धक्क्याला आणलं म्हणून बाकी माणसं वाचली. आता ताई त्याला घास भरवते. त्याची बोटं मिटत नाहीत. सुकाणूचं चाक त्या बोटांत पुन्हा येईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत.

चौकशी लाँचवरच झाली. साहेबांनी विचारलं, "मीटरकडे लक्ष नव्हतं का तुझं?"

"होतं ना साहेब," दाजी म्हणाला. "म्हणूनच तर थांबलो नाही."

चौकशीसाठी बोलावलेल्या इंजिनाच्या कारागिराने सेन्सर काढला, आट्यांवरची पट्टी सोलली आणि साहेबांपुढे धरली. साहेबांनी मान फिरवली. नंतर लाँच धक्क्याला बांधली गेली, फेऱ्या बंद राहिल्या, आणि नवा पंप बसला. जे आधी जमत नव्हतं ते सगळं जमलं.

मित्रांनो, कोणी नकोशी बातमी आणली तर आधी ती बातमी तपासा. आणणाऱ्याला डब्यात टाकू नका. आणि नवी वस्तू बसवलीत तर ती गप्प आहे म्हणून खूश होऊ नका, ती काम करते का ते बघा.

आता साहेब, तुम्ही. दाजीचं काम काढून घेताना तुम्ही म्हणालात की निष्काळजीपणा झाला. झालाच. तो कोणाचा झाला, ते धक्क्यावर उभे राहून, ताईच्या आणि रोजच्या उतारूंच्या देखत, नाव घेऊन सांगा. कोणाचा?