वाघळेबाबाची झोळी

चिंचेखाली आख्खं गाव लोटलं होतं. माणसं, पोरं, दोन कुत्री आणि अंबूबाईची चांदी शेळी. त्यात शहाणी एकटी शेळी. ती खाली बघून पाला खात होती. बाकी सगळे मान वर, तोंड उघडं. आणि वर दोनशे वाघळं उलटी टांगलेली! अशा झाडाखाली तोंड उघडं ठेवू नये, एवढंही कुणाला सुचलं नाही.

वाघळेबाबा अक्कलकोटाकडून आलेला. आठ दिवसांत त्यानं गावाला पटवलं, की मेलेली माणसं वाघळं होऊन चिंचेला लटकतात. हाक मारली की आपलं माणूस खाली येतं, आणि काय हवं ते मागतं. आज पाळी अंबूबाईच्या नवऱ्याची. मायाप्पाला जाऊन तीन वर्षं झालेली.

बाबानं खांद्याची झोळी चाचपली. "मायाप्पाऽ! बायकू आलीया, ये!"

कुठंतरी बारीक चिर्रर्र झालं, आणि काय सांगावं! वरनं एक थोरलं वाघूळ सुटलं ते ओरडत बाबाच्या डोक्यावर घिरट्या घालायला लागलं.

"बंदा नोड्री, बंदा! आला बघा!" बाबा नाचला. "शेळी मागतुय! न्हाय दिली तर घरात मरण शिरंल म्हनतुय!"

अंबूबाई शेळीच्या आडवी उभी राहिली. चांदीला तिनं बाहत्तरच्या दुष्काळात आपल्या ताटातली भाकरी घालून जगवलेलं. सुनेला दूध नव्हतं, तान्हा नातू चांदीवरच वाढत होता. शेळी द्यावी तर नातू उपाशी, न द्यावी तर मरण.

"दे की गं," शेजारची गोजरबाई म्हणाली. "दादल्याचा सबूद हाय."

"आमचं मालक जित्तं हुतं तवा 'पानी दे' म्हनायला बी घाबरायचं. आन् आता येकदम शेळी?"

लोक हसले. बाबा नाही हसला.

तेवढ्यात झाडामागनं पंचाक्षरी सर पुढं आले. सोलापूरच्या कॉलेजातले. पंधरा दिवस टेपरेकॉर्डर घेऊन वाघळांचं ओरडणं टिपत बसलेले. वाघळांशी बोलतो म्हणणारा तो बाबा, आणि वाघळांचं ऐकत बसणारा तो येडा, असा गावाचा न्याय.

सरांनी बटण दाबलं. टेपमधनं तसंच बारीक चिर्रर्र. वाघूळ बाबाला सोडून सरांच्या डोक्यावर!

"अगं बया! मायाप्पा टेपात शिरला!" गोजरबाई किंचाळली.

"ही मादी आहे. हा तिच्या पिल्लाचा आवाज, मी गेल्या आठवड्यात टिपलेला," सर म्हणाले. "परवापासनं ते पिल्लू दिसत नाही. शंभर पिल्लं ओरडू देत, आई आपलंच ओळखते."

अंबूबाईचे डोळे बारीक झाले. "म्हंजी कोकरावानी की! सांजच्याला मेंढरं आली की डालग्याखालची कोकरं येकदम बोंबलत्यात. पर येक मेंढी दुसरीच्या कोकराकडं जात न्हाय." ती बाबाकडं वळली. "झोळी उगड."

"बाईचा हात लागला तर भस्म हुशील!"

"चाळीस वर्सं चूल फुकतीया. राखंचं भ्या मला दावतुस व्हय?"

एका हिसक्यात झोळी खाली. आत चिंधीत मुठीएवढं पिल्लू! बाबा हळूच चिमटा काढायचा, ते चिर्रर्र करायचं, आणि आई जीव टाकत यायची. सरांनी पिल्लू खालच्या फांदीला अडकवलं. मादी आली, त्याला पोटाशी घेतलं आणि वर गेली.

गोजरबाई गालावर हात ठेवून म्हणाली, "मायाप्पा बाळंत झाला व्हय गं?"

गाव असं हसलं की वाघळं हलली. बाबानं शाप द्यायला मान वर करून तोंड उघडलं, आणि वरनं प्रसाद नेमका तोंडात पडला! थुंकत थुंकत तो जो पळाला, तो परत दिसला नाही.

"चल गं चांदी, नातू रडत आसंल," अंबूबाईनं दावं सोडलं. चांदीनं अजून वर बघितलं नव्हतं.

तर बाबांनो, उद्या कुणी आभाळात चमत्कार दाखवला तर दाखवू द्या. तुम्ही आधी त्याची झोळी बघा. आणि वर बघायचंच झालं, तर तोंड मिटून, डोकं चालवून बघा.