वेगळंच आहे हं!

साहेब खोलीत आले की बोलणं बंद! हा रोग कुठल्या ऑफिसात नाही, सांगा. हेडमास्तर आले की शिक्षकांची खोली गप्प, मालक आला की दुकानातले नोकर गप्प. आणि साहेबाला काय वाटतं? एक तर वाटतं, केवढा आपला दरारा! नाहीतर वाटतं, आपल्याविरुद्ध कट शिजतोय. डेरेक पलुम्बोला दोन्ही वाटलं, एकामागून एक.

डेरेक न्यू जर्सीचा. तिकडे जे पोटात ते ओठात, आणि तेही ओरडून. उत्तर मिनेसोटात, आमच्या गावच्या खिडक्यांच्या कारखान्यात तो मॅनेजर म्हणून आला. आमची तऱ्हा उलटी. इथला माणूस घराला आग लागली तरी शेजाऱ्याला म्हणेल, "आज जरा ऊब वाटतेय, नाही?" हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही. पण आहे हे असं आहे.

जानेवारीत डेरेकनं फर्मान काढलं. काच चौकटीत बसवली की ती धरून ठेवणारं सिलिकॉन रात्रभर सुकू द्यायचे, ते बंद. सकाळी बसवलेली खिडकी दुपारी गाडीत चढलीच पाहिजे. सगळ्यांना गोळा करून तो भरपूर बोलला आणि शेवटी घड्याळाकडे बघत म्हणाला, "कुणाला काही प्रॉब्लेम?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघत उभे. करवतीवरचा लायल म्हणाला, "बघू की." काच बसवणाऱ्या बायांची मुकादम आर्डिस नायगार्ड म्हणाली, "वेगळंच आहे हं."

"वा, आर्डिस!" डेरेक खूश. "नव्या कल्पनेला असं मोकळ्या मनानं घेणारी माणसंच हवीत मला!"

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर ते तोंडावर बोलल्यासारखं झालं असतं.

फेब्रुवारीत मिनिआपोलिसहून मालकांचा फोन आला. "डेरेक, आपल्या काचा नीट धरत नाहीत असं कानावर आलंय."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी का सांगेना, तू आधी..."

"मी बघतो," म्हणून डेरेकनं फोन ठेवला.

इथं जरा थांबा, वाचकहो. प्रश्न दोन होते. काचा धरतात की नाही, हा एक. चुगली कुणी केली, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर खाली कारखान्यात होतं, जिना उतरून बोट लावलं की कळणार होतं. या शहाण्यानं दुसरा धरला! आणि असे शहाणे आपल्यात पैशाला पासरी आहेत.

त्या दिवसापासून त्याला कशातही कटाचा वास येऊ लागला. जेवणाच्या खोलीत तो शिरला की गप्पा थांबत. आधीही थांबायच्या, तेव्हा त्याला तो आपला दरारा वाटायचा; आता त्यात वेगळाच अर्थ दिसू लागला. कुणीतरी घरून आणलेल्या लिंबाच्या वड्यांतली शेवटची वडी टेबलावर होती. लायलनं तिचा अर्धा तुकडा कापून घेतला, मग एका बाईनं उरलेल्याचा अर्धा. नखाएवढा राहिला, तो डेरेकनं तोंडात टाकला. सगळे बघत राहिले. इथं शेवटचा घास उचलणं म्हणजे हावरटपणा, एवढंच त्या बघण्यात होतं. डेरेकला वाटलं, हा बहिष्कार!

मग त्यानं एकेकाला आत बोलावून दार लावायला सुरुवात केली.

"लायल, मालकांना फोन कुणी केला?"

"कुठला फोन?"

"सोंग नको!"

"नाही बुवा. तलावावरचा बर्फ यंदा चांगला धरलाय, नाही?"

विषय बदलतोय! म्हणजे माहीत आहे याला!

मग आर्डिस.

"मालकांची बहीण तुमच्याच चर्चमध्ये येते ना?"

"येते."

"रविवारी बराच वेळ बोलत होतात तिच्याशी. कशाबद्दल?"

"तिच्या गुडघ्याबद्दल."

"गुडघ्याबद्दल?"

"डाव्या," आर्डिस म्हणाली.

गुडघा! डेरेकला वाटलं, हा नक्की खुणेचा शब्द. संशयाचं असंच असतं, मंडळी. त्याला पुरावा लागत नाही, गुडघाही पुरतो.

त्यानं ठरवलं, शुक्रवारी आर्डिसला काढायचं. तिचा नवरा डायलिसिसवर आहे आणि त्याच्या उपचारांचा विमा तिच्या नोकरीवर चालतो, हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असूनही ठरवलं. फक्त मनाला टोचत होतं, म्हणून गुरुवारी दुपारी तो व्हर्ना ऑस्बीकडे निघाला. व्हर्ना म्हणजे त्याच्या आधीची मॅनेजर. आता निवृत्त होऊन गोठलेल्या तलावावर खोपटं टाकून मासे धरत बसते.

खोपट्यात शेगडी होती, बर्फाला पाडलेल्या भोकात गळ सोडलेला होता. व्हर्नानं उलटी बादली पुढे सरकवली. "बैस. दार लाव, ऊब जातेय."

"आर्डिसबद्दल विचारायचं होतं. ती चुगलखोर आहे का? वरवर गोड बोलते आणि माझ्यामागे मालकांकडे..."

"थांब, थांब. तुझ्या तोंडावर ती काय बोलली होती?"

"सगळ्यांसमोर माझ्या नव्या नियमाचं कौतुक केलं होतं! म्हणाली, वेगळंच आहे हं. मी शाबासकीही दिली तिला."

व्हर्नाच्या हातातला गळ हलला. ती एवढी हसली की डोळ्यांत पाणी आलं. "अरे देवा! पोरा, आमच्याकडे याहून मोठी शिवी नाही रे! चर्चच्या जेवणाला एखादीनं रांधून आणलेली कॅसरोल कुत्र्यानंही खाल्ली नाही, तर तिला आम्ही असं म्हणतो. आर्डिसनं तुला भर सभेत सांगितलं की हा गाढवपणा आहे. आणि तू तिला शाबासकी दिलीस?"

डेरेक लाल झाला. "मग सरळ बोलायचं! मी विचारलं होतं ना, कुणाला प्रॉब्लेम आहे का म्हणून?"

"घड्याळाकडे बघत विचारलं असशील."

डेरेकचा हात नकळत मनगटावरच्या घड्याळाकडे गेला.

"प्रॉब्लेम कुणाला आहे, असं विचारलं की हात वर करणारा स्वतःच प्रॉब्लेम ठरतो. कोण करेल वर? आमची माणसं तोंड मिटून बसतात, हा आमचा दोष, कबूल. मीही त्यातलीच. पण ते तोंड उघडायला लावायचा पगार तुला मिळतो, त्यांना नाही."

"पण मालकांना सांगितलं कुणी?"

"समज, आर्डिसनं सांगितलं. मग? तुझी खिडकी कुणाच्या डोक्यावर पडण्याआधी ज्यानं हाक मारली, त्याला तू हाकलणार? अरे, धूर दिसला म्हणून ओरडणाऱ्याला बडवलं, की पुढच्या वेळी आख्खं गाव गप्प राहून जळतं!" ती जरा थांबली. "आणि सांगितलं कुणी, हे मालकांना विचारलंस का धड?"

नव्हतं विचारलं. त्यानं तिथूनच फोन लावला.

"कुणी म्हणजे?" मालक वैतागले. "डुलुथ शहरातला एक सुतार. शाळेत आपली खिडकी बसवत होता, तर काच चौकटीतून सुटून त्याच्या अंगावर आली. हातमोजे होते म्हणून वाचला. खाली पोरांचा वर्ग होता, डेरेक! तेच सांगत होतो, तर तू फोन ठेवलास!"

कट नव्हता! चुगलखोर नव्हता! होती ती फक्त एक सुटलेली काच, आणि तिच्याखाली मुलं. डेरेक बादलीवर बसून राहिला. उद्या या वेळेपर्यंत आपण एका आजारी माणसाचा आधार तोडला असता, आणि काचा तशाच गाडीत चढत राहिल्या असत्या! त्याच्या तोंडून कसाबसा शब्द निघाला. "आता काय करू?"

"आधी गाड्या थांबव. मग माफी माग. आणि माफी मागून झाली की गप्प बसायला शीक. ते तुला जड जाईल."

शुक्रवारी सकाळी गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या आणि त्या शाळेच्या खिडक्या तपासायला डुलुथला माणूस गेला. डेरेकनं सगळ्यांना बसायला खुर्च्या दिल्या. म्हणाला, "आर्डिस, तुम्ही मला सांगितलं होतं. मला समजलं नाही. वर तुमच्यावरच संशय घेतला. चूक माझी. माफ करा."

आर्डिस कानापर्यंत लाल झाली. "असू दे, असू दे," म्हणत तिनं कॉफीचा कप उचलला. तो रिकामा होता, तरी ती पीत राहिली.

"आता दुसरं विचारतो," डेरेक म्हणाला. "इथं यापुढे सगळ्यात आधी काय मोडेल?"

कुणी बोलेना. त्याच्या जिभेवर दहा वाक्यं आली. त्यानं ती गिळली. खोलीतला हीटर घरघरत होता. बऱ्याच वेळानं लायल खाकरला. "मोडेल असं नाही... पण करवतीच्या पात्यावरचं झाकण. निसटतं ते. डिसेंबरपासून."

डिसेंबरपासून! आणि हा माणूस मला तलावावरचा बर्फ सांगत होता! डेरेकचं डोकं सणकलं. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्याला कळलं की परीक्षा हीच आहे. त्यानं श्वास घेतला. "बरं केलंस सांगितलंस. आजच करवत बंद ठेवू. आणखी?"

मग मागून एक हात वर आला. त्याच्यामागे आणखी एक.

म्हणून सांगतो, हेडमास्तर, मालक, मॅनेजर, संस्थेचे अध्यक्ष, जे कुणी चार माणसांच्या वर बसला असाल ते ऐका. वाईट बातमी आली की आधी बातमी तपासा, आणणाऱ्याला तपासू नका. माणसं तुमच्याशी खरं बोलत नसतील तर त्यांच्या मनात काळंबेरं शोधण्याआधी आठवा, मागच्या वेळी जो खरं बोलला त्याचं तुम्ही काय केलंत. ते प्रत्येकाच्या लक्षात आहे. तुम्ही विसरला असाल, पण ते विसरलेले नाहीत!