रेघेखालचं घर

आमच्या कचेरीत किनाऱ्याचे वर्ग पाडतात: समुद्राकडे बांधकाम बंद, अलीकडे परवानगी. मधली रेघ वीस वर्षांपूर्वी मीच नकाशावर ओढली. बारीक निब तुटलं होतं, म्हटलं जाड तर जाड, कोण बघतंय! नकाशावर अर्धा मिलिमीटर, पण जमिनीवर साडेबारा मीटर. त्या रेघेखाली माझ्याच ताईचं अख्खं घर गेलं, ना बंदीत ना परवानगीत. घ्या!

भाऊजींचे पाय गेल्यापासून ताई मागच्या अंगणात न्हाणीघर बांधायची परवानगी मागतेय. आत्ताचं माडीवर आहे. तीन वर्षं ती नवऱ्याला पाठुंगळी घेऊन जिना चढते, आणि मी तिला 'फाइल पुढे गेलीय' म्हणून थापा मारतो. लाज वाटते हो.

शेवटी साहेब म्हणाले, "जागेवर जा. मोठ्या भरतीचं पाणी कुठवर येतं ते तिथल्या जुन्या माणसाला विचार. ते सांगेल तिथे रेघ." जुनं माणूस म्हणजे ताईच की! मी धावतच निघालो.

ताई अंगणात टॉवेल पिळत होती. मी फॉर्म काढला. "पाणी अंगणाखालच्या त्या काळ्या खडकापर्यंतच येतं ना?"

ती टॉवेल पिळतच राहिली.

"अगं बोल ना! माझा जीव टांगणीला लागलाय."

"अंगणात येतं," ती म्हणाली. "मागच्या खेपेला बादली वाहून गेली."

माझं टाळकंच सरकलं. "तीन वर्षं माझ्यामागे भुणभुण लावलीस ती कशाला? खडक म्हण, मी लिहितो, विषय संपला!"

"आणि मी बाजारात असताना पाणी आलं तर? ते न्हाणीघरात एकटे. उठता येतं का त्यांना?"

"मग अर्ज का केलास?"

तिने टॉवेल दोरीवर टाकला. "वाटलं, शिकलेली माणसं येऊन बघतील, म्हणतील इथे काही भीती नाही. तुम्ही म्हणाला असतात तर मीही मानलं असतं रे."

मी फॉर्मवर 'अंगणापर्यंत' असं लिहिलं. म्हणजे न्हाणीघर बंदीत गेलं.

आतून भाऊजींची हाक आली. ताई पदर खोचून निघाली, तिला मी बाजूला सारलं आणि त्यांना पाठीवर घेतलं. जिन्याला सतरा पायऱ्या. नवव्या पायरीवरच माझ्या छातीचा भाता झाला.

"काय रे," भाऊजी कानाशी म्हणाले, "मिळाली का परवानगी?"

उरलासुरला दम गोळा करून मी दहावी पायरी चढलो.