जहाजाची मागची खिडकी

"आजी, मागच्या भिंतीत ही एवढीच जागा बुजवलेली कशी? इथल्या विटा वेगळ्या आहेत."

तव्यावरची भाकर उलटता उलटता मैनाबाई हसली. सकाळपासून हातात फीत घेऊन जहाजभर हिंडणारी ही ज्योत्स्ना अमरावतीची. इमारतींचे नकाशे काढायचं शिकलेली. जागेच्या मालकानं, किशोरशेठनं तिला पाठवलं होतं. जुनी वास्तू आहे, मोजमाप करून ठेवू, एवढंच त्यानं कळवलं होतं. शिकलेल्या बायकांचं मैनाबाईला फार कौतुक नव्हतं. आपण दुसरीत शाळा सोडली ती मास्तरला कंटाळून, असं ती सगळ्यांना सांगे. पण ही पोरगी भिंतीला हात लावून पाहत होती, आणि भिंतीला हात लावणारं माणूस तिला आवडायचं.

"शेठच्या तीन पिढ्याइले नाही दिसलं ते तुले दिसलं," ती म्हणाली. "थांब, भाकर उतरवू दे. मंग दाखवतो."

आणि तिनं सगळं दाखवलं.

अकोल्याला समुद्र नाही. मोर्णा आहे, तिच्यात म्हैस बसली तरी पाठ कोरडी राहते. पण मालधक्क्याच्या मागे, कापसाच्या जुन्या प्रेसला लागून, दीडशे वर्षांपासून एक दगडविटांचं जहाज उभं आहे. कापूस घ्यायला आलेल्या कुण्या गोऱ्या साहेबानं ते बांधलं. त्याचं गाव म्हणे समुद्राच्या काठचं. तिथल्या गुत्त्यात बसल्याशिवाय त्याची संध्याकाळ सरत नव्हती, म्हणून त्यानं तसाच गुत्ता इथल्या काळ्या मातीत उभा केला. खाली काळा दगड, वर लाल वीट. रस्त्याकडे पोट काढून आलेली मोठी खिडकी, तिच्यावर तीन गोल झरोके. आत ब्रह्मदेशी सागाच्या फळ्यांची जमीन, चाललं की जहाजासारखी करकरणारी. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकसलग सागवानी काउंटर आणि त्याच्या पायथ्याशी पितळी नळी, उभ्यानं पिणाऱ्यांना पाय टेकवायला. दारावर रंगीत काचेत जहाजाचा नांगर. कापसाच्या बंड्या घेऊन येणारे शेतकरी तो पाहून म्हणत, साहेबाला साधा नांगर काढता येत नाही.

लाकडी आडोसे घालून आत दोन भाग केलेले. एकीकडे साहेब, दुसरीकडे त्यांचे कारकून आणि इंजिनवाले. आणि मागच्या भिंतीत, आतल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, हातभर रुंद खिडकी. ती आपल्या लोकांसाठी. आतून वरूनच ओतायचं, बाहेरच्यानं मातीचं भांडं खाली धरायचं. मैनाबाईचा सासरा बुधाजी दिवसभर आत साहेबांचे पेले धुवायचा, आणि संध्याकाळी मजुरीसाठी वळसा घालून त्याच खिडकीखाली उभा राहायचा. त्यानं धुतलेले पेले चालत, पण तो समोरून चालत नव्हता.

गोरे गेले. शेठच्या आजानं जागा घेऊन सरकीची पोती भरली. खिडकी राहिली. मुनीम मजुरी तिच्यातूनच टाकायचा. मग छप्पन साली मैनाबाईची सासू पुतळाबाई नागपूरहून दीक्षा घेऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भट्टीवरच्या पडेल विटा डोक्यावर आणल्या, माती कालवली आणि एकटीनं ती खिडकी बाहेरून बुजवली. मुनीम विचारायला आला तर हात धुता धुता म्हणाली, आजपासून समोरून. वर्षभरात शेठकडून जागा भाड्यानं घेऊन तिनं काउंटरच्या आतल्या बाजूला चूल मांडली. हमालांची खानावळ सुरू झाली. ज्यांना खिडकीतून मिळायचं ते काउंटरवर कोपर टेकून, पितळी नळीवर पाय ठेवून भाकर खाऊ लागले.

मैनाबाई सून म्हणून आली तेव्हा सासूनं तिला दोनच गोष्टी सांगितल्या. आठवड्यातून एकदा काउंटरला जवसाचं तेल, आणि दारूचा थेंब उंबऱ्याच्या आत नाही. दोन्ही तिनं जन्मभर पाळल्या. खिशात पव्वा दिसला की ती गिऱ्हाइकाला म्हणायची, चपलेजवळ ठेव त्याले, दोघांची लायकी एकच हाय. जेवणाच्या वेळी जहाजाच्या पायरीवर चपला आणि पव्वे ओळीनं लागलेले असत. एकदा एक हवालदार ऐकेना, तर त्याच्या पुढ्यातलं ताट तिनं उचललं. नवरा वारला त्या आठवड्यातही तेलाचा दिवस चुकला नाही.

ज्योत्स्नानं बाटल्यांची फडताळं कुठे होती ते विचारलं. मैनाबाईनं दाखवलं. पिंपं उतरवायचं तळघराचं झाकण दाखवलं, नळीचा मूळचा पितळी पेच कसा जपला तेही सांगितलं. पोरगी सगळ्याचे फोटो काढत होती. जाताना ती मैनाबाईच्या पाया पडली.

"आजी, तुम्ही होता म्हणून हे टिकलं."

त्या रात्री मैनाबाईला दोन घास जास्त गेले.

पंधरवड्यानं अमरावतीहून मुलगा आला. स्वप्निल पाटबंधारे खात्यात होता, घरही त्यानं तिकडेच केलं होतं. एरवी आला की पहिले भरीत मागायचा. आज काउंटरच्या बाहेरच उभा राहिला, गिऱ्हाइकासारखा. इकडची तिकडची बोलून झाल्यावर त्यानं मोबाइल पुढे केला. त्यात ज्योत्स्नानं काढलेली चित्रं होती. जहाजच, पण चकचकीत. फडताळांत बाटल्या, पिवळे दिवे, उंच खुर्च्यांवर पोरंपोरी. किशोरशेठ नागपूरच्या कुण्या पार्टीबरोबर तिथं विलायती पद्धतीचा बार काढणार होता. सगळं जुनं तसंच ठेवून.

"काहीच तोडणार नाही, माय. काउंटर, नळी, काच, सगळं तेच. तू जपलेलं."

मैनाबाई चित्रं पाहत राहिली. मागच्या भिंतीचंही चित्र होतं. विटा नव्हत्या. खिडकी होती, वर दिवा, खाली पाटी.

"हे काय लिहिलं?"

"पार्सल. घरोघरी जेवण नेणारे पोट्टे येतात ना, त्याइले आत नाही घेणार. ते मागून नेतील."

तिनं मोबाइल त्याच्या हातात परत दिला. मग म्हणाली, "मी नाही सोडत जागा."

स्वप्निलनं मान खाली घातली. बाप गेल्यावर भाडेकरू म्हणून त्याचं नाव लागलं होतं. जागा सोडल्याची सही त्यानं मागच्याच महिन्यात केली होती. तिला आता गुडघ्यानं उभं राहवत नाही, चुलीच्या धुरानं डोळे अधू झाले, अमरावतीला दोन खोल्या आहेत, दवाखाना जवळ आहे. त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं, तीच अडचण होती.

"मले विचारलं काहून नाही?"

"विचारलं असतं तर तू हो म्हटलं असतंस काय?"

ती किशोरशेठकडे गेली. त्यानं तिला खुर्ची दिली, काकू म्हटलं, चहा पाजला, स्वतः उठून पंखा वाढवला. मैनाबाई भांडायची तयारी करून आली होती, पण भांडायला समोर कोणी नव्हतं. शेवटी तिनं खिडकीपुरतं मागितलं. बार काढा, नाचा, पण ती एक भिंत राहू द्या. शेठ म्हणाला, काकू, तुम्हीच तर दाखवली. आमच्या नकाशावाल्या बाईसाहेबांना फार आवडली. तिच्यामुळे तर जागेला इतिहास आहे.

ज्योत्स्नाला तिनं स्वप्निलच्या फोनवरून फोन लावला. पोरगी रडवेली झाली. मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल, म्हणाली. खिडकीशेजारी पुतळाबाईंच्या नावाची छोटी पाटी लावता येईल, विचारते.

"जिनं बुजवली तिचं नाव, अन् उघडी खिडकी," मैनाबाई म्हणाली. "राहू दे, पोरी. तू चांगली हायेस." आणि फोन परत दिला. एवढं जवसाचं तेल पाजलं नसतं तर काउंटर वाळवीनं खाल्लं असतं, आणि मग असल्या लाकडाकडे कुणी पाहिलंही नसतं, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. कळून करायचं काय, ते कळलं नाही.

विटा निघाल्या तेव्हा ती तिथं नव्हती. बाजारात जातो म्हणून निघाली आणि दुपारभर एका रसवंतीवर बसून राहिली.

सामान न्यायच्या दिवशी टेम्पो मागच्या गल्लीत लागला. चूल, डबे, पाटा आदल्या दिवशीच निघाले होते. राहिली होती एकच वस्तू, पुतळाबाईची काठवट. पीठ मळायची, एका लाकडात कोरलेली, मधोमध हाताच्या टाचेनं खोल झालेली. ती काउंटरच्या आत राहून गेली होती. आत पॉलिशवाला जुबेर फळ्यांच्या जमिनीवर शेवटचा हात मारून काउंटरमागून मागच्या दाराकडे सरकत होता. म्हातारीची ओळख जुनी. त्याच्या बापानं वर्षानुवर्षं तिच्याकडे भाकर खाल्लेली. बाहेर ती दिसली तसा तो उठला आणि काठवट घेऊन मागच्या भिंतीशी आला.

"खाला, समोर फर्श ओली हाय. इथूनच घेऊन घ्या ना." खिडकीतून त्याचा हात बाहेर आला.

ती खिडकीखालीच उभी होती. तिचे दोन्ही हात आपोआप निम्मे वर गेले होते. तिनं ते पाहिले. खाली घेतले.

"घे ना माय," टेम्पोतून स्वप्निल म्हणाला. "ड्रायव्हर खोळंबला हाय."

मैनाबाई वळली. गुडघ्यावर हात देत गल्लीतून निघाली, कोपरा वळून रस्त्यावर आली, पायरीवर चपला काढल्या, कुणी नव्हतं तरी बाजूला नीट लावल्या. रंगीत काचेखालचं दार ढकललं आणि ओल्या जमिनीवर पाऊल ठेवलं. फळ्या करकरल्या नाहीत, पॉलिशनं त्यांचं तोंड बंद झालं होतं. ती काउंटरपर्यंत चालत गेली.

"अथी दे," काउंटरवर हात ठेवून ती म्हणाली.

जुबेर खिडकीतून हात मागे घेऊन काउंटरशी आला. त्यानं दोन्ही हातांनी काठवट काउंटरवरून तिच्या हातात दिली. ती आली तशीच, समोरूनच बाहेर गेली; चपला पायात न घालता बोटांत अडकवल्या.

टेम्पो निघाला. स्वप्निलनं तिच्या पॉलिश लागलेल्या तळपायांकडे पाहिलं, सीटखालचं फडकं काढून दिलं. "पुसून घे, चिकटून राहील ते."

तिनं फडकं घेतलं आणि मांडीवरची काठवट पुसायला लागली. मालधक्क्याचं वळण येईपर्यंत मागून फळ्या घासल्याचा आवाज यायला लागला होता. जुबेर पॉलिशवर उमटलेली तिची पावलं घासून काढत होता. तिनं मागे पाहिलं नाही, आणि पाय पुसले नाहीत.