फलकावर लावलं म्हणजे कळवलं

मित्रांनो, मी मानव्यविद्या विभागाच्या कचेरीबाहेर टांगलेला एक जुना सूचनाफलक आहे. माझ्या अंगावर टाचण्यांची अगणित भोकं आहेत, पण दुखतं ते एकाच ठिकाणी, वरच्या उजव्या कोपऱ्यात.

एका सुताराने मला जाड लाकडी चौकटीत बसवलं, हिरवं कापड ताणून लावलं आणि पुढे काचेची दोन दारं केली. तेव्हाचा कारकून रोज काच पुसायचा आणि मुदत संपलेले कागद उतरवायचा. निकालाच्या दिवशी माझ्यापुढे मुंगीला शिरायला जागा नसे. "फलकावर लावलं म्हणजे कळवलं" हा नियम विभागाने माझ्याच भरवशावर केला. त्याचा मला फार अभिमान होता.

पुढे काच तडकली, कुलपाची किल्ली हरवली आणि नवा कारकून आला. मुलं त्याला टाचणीभाऊ म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण टाचणी खर्च करायची म्हटली की त्याच्या जिवावर यायचं. एकाच टाचणीत तो दोन-दोन, तीन-तीन कागद अडकवायचा. जुना कागद काढताना टाचणी वाकते, म्हणून नवा त्याच्यावरच लावायचा.

त्या काळात संध्याकाळच्या वर्गाला एक बाई यायच्या. दिवसभर शिवणाच्या कारखान्यात मशीनवर बसायच्या आणि कामाची पाळी संपली की थेट इकडे. ब्लाउजच्या कॉलरला चार-पाच टाचण्या तशाच खोचलेल्या असायच्या. वर्गातली पोरं त्यांना मावशी म्हणत. मावशींना पदवीनंतर इतिहासात ऑनर्सचं वर्ष करायचं होतं. शिवणाच्या कारखान्यांचा इतिहास त्यांना स्वतः लिहायचा होता.

प्रवेशाच्या अटी माझ्यावर लावलेल्या होत्या. मुख्य विषयात साठ टक्के, मार्गदर्शक प्राध्यापकांची संमती, वर्षभरात चार पेपर आणि एक प्रबंध. मावशी दर शनिवारी येऊन त्या पुन्हा वाचायच्या. एकदा धाकटी बहीण सोबत होती. ती म्हणाली, "ताई, स्थळ बघितल्यासारखी काय वाचतेस गं रोज रोज?"

"स्थळाला एवढ्या अटी नव्हत्या," मावशी म्हणाल्या. "असत्या तर बरं झालं असतं."

त्या दुसऱ्या वर्षाला असताना विभागाने एक अट वाढवली. ऑनर्सला जायचं तर दुसऱ्या वर्षीच दुसऱ्या भाषेचा पेपर घ्यायला हवा. दिवसाच्या वर्गाला प्राध्यापकांनी हे तोंडी सांगितलं. संध्याकाळच्या वर्गासाठी टाचणीभाऊंनी मधली हातभर मोकळी जागा सोडून माझ्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक चिठ्ठी लावली. त्याच दुपारी विभागप्रमुखांच्या निरोपसमारंभाचा कागद आला, त्यांच्या मोठ्या फोटोसकट. टाचणीभाऊंनी चिठ्ठीची टाचणी उपसली आणि तिच्यातच फोटो अडकवला. चिठ्ठी मागे गेली. समारंभ झाला, हार सुकले, पण तो कागद तसाच राहिला. साहेबांचा फोटो उतरवायचा म्हणजे अपमान, असं सगळ्यांनाच वाटत होतं.

मी पाहत होतो, मित्रांनो. फलकाला वाचता येतं, बोलता येत नाही.

मावशी अडुसष्ट टक्क्यांनी पदवी उत्तीर्ण झाल्या. प्राध्यापकांनी संमती दिली. ऑनर्सचा अर्ज घेऊन त्या कचेरीच्या खिडकीशी आल्या तेव्हा कॉलरला टाचण्या होत्या आणि अंगावर नवी साडी.

टाचणीभाऊंनी गुणपत्रिका खालपासून वरपर्यंत पाहिली. "मावशी, भाषेचा पेपर कुठाय?"

"कसला भाषेचा?"

"दुसऱ्या वर्षाचा. फलकावर होतं ना."

"भाऊ, तुमचा फलक मला तोंडपाठ आहे. असं काही नाही तिथे."

टाचणीभाऊ बाहेर आले. साहेबांच्या फोटोचा कोपरा वर उचलला. मागे चिठ्ठी होती, पिवळी पडलेली.

"आहे की," ते म्हणाले, पण हळू आवाजात.

मावशींनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. "आता देते ना तो पेपर."

"पदवी झाली तुमची. मागच्या वर्षात बसवता येत नाही कोणाला."

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी पण पदवी झालेलीच असणार, मावशी."

मावशींनी कॉलरच्या चार टाचण्या काढल्या, चिठ्ठी फोटोमागून सोडवली आणि माझ्या मधोमध, डोळ्यांसमोर येईल अशी, चारही कोपऱ्यांना लावली. शिवणाऱ्या हाताने लावलेली ती चिठ्ठी कणभरही तिरकी नव्हती. मग त्या जिना उतरून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाचणीभाऊ माझ्यापुढे आले. "भारी टाचण्या आहेत," असं पुटपुटत त्यांनी चारही काढून घेतल्या आणि चिठ्ठी होती तिथे, फोटोमागे, परत अडकवली.

मित्रांनो, माझी काच बदलू नका, लाकडाला रंगही देऊ नका. एवढंच करा, की माझ्यावर कागद लावताना खालचा कागद कोणासाठी आहे ते एकदा बघा. हे मी का सांगतो माहीत आहे? काल संध्याकाळच्या वर्गाची एक मुलगी आली होती. ओळीवर बोट ठेवून तिने ऑनर्सच्या अटी वाचल्या. साहेबांच्या फोटोपाशी आली, निरोपाची तारीख पाहिली, आणि बोट पुढच्या कागदावर नेलं.