बोंबलांच्या काठाचा खाका

मित्रांनो, भरतकाम करण्याआधी साडीवर निळ्या ठिपक्यांची नक्षी उमटवतात ना, ती आमच्यातून उतरते. मी असाच एक जुना खाका. जुना म्हणजे चार वर्षांचा. कागदाला तेवढं वय पुष्कळ झालं.

अर्नाळ्याच्या कृष्णाबाईंनी बांबूंवर ओळीने टांगलेले बोंबील बोळिंजच्या हेमांगीने पाहिले आणि त्यांचा काठ रेखाटला. मग टाचणीने टोचून टोचून तिने मला घडवलं. रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा माझ्या भोकांवरून फिरला, की खालच्या कापडावर बोंबील हजर! कितीही साड्यांना नक्षी दिली तरी माझ्याकडची कमी होत नसे. शेताचं तसं नसतं. ते एकाने घेतलं की दुसऱ्याचं गेलंच.

भरतकामाचा क्लास चालवणाऱ्या मनोरमाकाकूंनी मला मागून नेलं. पुढे विरारच्या प्रदर्शनात त्यांची साडी गाजली. खाली चिठ्ठी होती, ‘कल्पना : मनोरमा’. साड्यांचा एक दुकानदार कल्पना ज्याची त्यालाच कायमचं काम देणार होता. हेमांगीला ते काम हवंच होतं.

“काकू, नक्षी माझीये.”

“कापड माझं, दोरा माझा. चार महिने मान मोडून भरलंय मी!”

काकूंचे यजमान जयवंत वकील होते. ते म्हणाले, “अगं, इंग्लंडात छापखानेवालेही पुस्तकांवर असाच हक्क सांगायचे. तीनशे वर्षांपूर्वी कायदा झाला आणि तो हक्क लिहिणाऱ्याला मिळाला. तोही ठरावीक वर्षं, मग पुस्तक सगळ्यांचं. साडी तुझी, नक्षी हिची.”

काकूंनी नाक मुरडत चिठ्ठी बदलली. हेमांगीला काम मिळालं. मला खरंच आनंद झाला.

गेल्या महिन्यात कृष्णाबाई आल्या. नातीच्या लग्नाच्या साडीवर त्यांना हाच काठ हवा होता.

हेमांगी खाली बघत म्हणाली, “मावशी, नाही देता येणार. ही नक्षी दुसऱ्या कुणाला देणार नाही, असं दुकानाला लिहून दिलंय.”

“बोंबील आमचे, टांगले आमी, आनि माज्याच नातीला नाय?”

कृष्णाबाई चहा न घेताच गेल्या. त्या दिवसापासून मी कुलपात आहे.

मित्रांनो, ज्याची नक्षी त्याचं नाव जरूर लिहा. हक्कही जपा. पण आम्हा खाक्यांना फार दिवस कोंडून ठेवू नका. नीळ सुकते, भोकं बुजतात. हेमांगीचा हक्क संपेपर्यंत माझा कागद काही टिकायचा नाही.

लग्न वैशाखात आहे. तोवर तिने हे कपाट उघडावं, एवढंच मला वाटतं.